गुपित फोडलं की वाया जातं?

युद्धाच्या गप्पा निघाल्या की खोपोली-कर्जतच्या कट्ट्यांवर एक वाक्य हमखास येतं: "हेरांची माहिती जाहीर केली की ती मातीमोल." टीव्हीवरचे तज्ज्ञही तेच घोकतात. परक्या खासगी फौजांपुरतं बोलायचं, तर उलटंच खरं ठरतं.

सरकारं अशा फौजा पदरी ठेवतात, कारण वेळ आली की हात वर करता येतात. म्हणून घाव घालायचा तो या नाकबुलीवरच. २० जानेवारी २०२३ रोजी व्हाइट हाउसचे प्रवक्ते जॉन किर्बी यांनी पत्रकारांना उपग्रहाची छायाचित्रं दाखवली. १८ नोव्हेंबर २०२२ला आगगाडीचे पाच डबे रशियातून उत्तर कोरियात गेले आणि दुसऱ्याच दिवशी कंटेनर लादून परतले. आत वॅगनर या रशियन खासगी फौजेसाठी रॉकेट आणि क्षेपणास्त्रं होती, हा अमेरिकेचा दावा. तो संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध-तज्ज्ञांनाही कळवला गेला. सहा दिवसांत अमेरिकेने वॅगनरला आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी संघटना ठरवून नवे निर्बंध लादले. यात कोणता हेर उघडा पडला? एकही नाही. काय कळलं ते सांगायचं, कुणाकडून कळलं ते झाकायचं; एवढी साधी गोष्ट आहे!

लिबियात २०२०मध्ये हेच झालं. रशियन लढाऊ विमानं सीरियात रंग बदलून वॅगनरच्या मदतीला आणल्याचं अमेरिकेच्या आफ्रिका कमांडने छायाचित्रांसह जाहीर केलं.

"हे सगळं बाहेरच्या देशांत चालतं," असं निदान बोरघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या खालापूरकरांनी तरी म्हणू नये. ईस्ट इंडिया कंपनी ही लंडनच्या भागधारकांची, पण स्वतःचं सैन्य बाळगणारी. पुण्याचा कारभार रघुनाथरावांच्या हाती द्यायला १७७८च्या अखेरीस तिची सुमारे चार हजारांची फौज पनवेलहून निघून बोरघाट चढली. सोबत हजारो बैल, त्यामुळे चाल गोगलगायीची. नाना फडणविसांना वाटेवरची खबर मिळत होती, आणि ती पुण्यातल्या दफ्तरात पडून राहिली नाही. कंपनीची फौज पोचली तेव्हा तळेगाव ओस होतं, धान्य-चारा जाळलेला. अवजड तोफा तळ्यात ढकलून ती मागे फिरली आणि जानेवारी १७७९मध्ये वडगावात तिला तह करावा लागला.

बाकीचे समज थोडक्यात.

खासगी फौजेशी सरकारचा संबंध नसतो? वॅगनरचा पूर्ण खर्च सरकारने केला, हे खुद्द पुतिन यांनी जून २०२३मध्ये सांगितलं.

वॅगनरचे प्रमुख प्रिगोझिन गेले, विषय संपला? ते ऑगस्ट २०२३मध्ये विमान कोसळून गेले. आफ्रिकेतलं काम रशियाच्या संरक्षण खात्याच्या 'आफ्रिका कोअर'ने हाती घेतलं.

जाहीर केलेली गुप्त माहिती खरीच असते? मुळीच नाही. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत इराकच्या महासंहारक शस्त्रांचे 'पुरावे' मांडले. युद्ध झालं, शस्त्रसाठे सापडले नाहीत.