कॅप्टन थंडरबोल्टची वाटाडी

सिडनीच्या बंदरात कोकाटू नावाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे कैदी ठेवत. चहूबाजूंनी पाणी, त्यात शार्क. ऑस्ट्रेलियात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट अशी की, सप्टेंबर 1863 मध्ये एक तरुणी रात्रीची पोहत या बेटावर गेली, नवऱ्याला बेड्या कापायला कानस देऊन आली आणि मग दोघं घोड्यांवरून डोंगरात पसार झाली. तिचं नाव मेरी अ‍ॅन बग. नवरा म्हणजे फ्रेडरिक वॉर्ड, पुढे ‘कॅप्टन थंडरबोल्ट’ म्हणून गाजलेला दरोडेखोर.

गोष्ट झकास आहे, फक्त खरी नाही. कॅरल बॅक्स्टर या संशोधिकेने जुने सरकारी दप्तर आणि वर्तमानपत्रं चाळून दाखवलं की, त्या काळात मेरी अ‍ॅन उत्तरेला, डंगॉगच्या बाजूला काम करून पोट भरत होती. वॉर्ड पळाला तो फ्रेड ब्रिटन नावाच्या दुसऱ्या कैद्याबरोबर. ती त्याला जाऊन मिळाली नंतर. आणि तिची खरी कर्तबगारी सुरू होते तिथूनच. दंतकथेला मात्र एका रात्रीचं साहस पुरलं.

मेरी अ‍ॅनचा जन्म 1834 चा, न्यू साउथ वेल्समधल्या ग्लॉस्टरजवळच्या बेरिको या मेंढवाड्यावरचा. बाप जेम्स बग हा इंग्लंडात जनावरं चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर आलेला कैदी, इथे मेंढपाळांवरचा मुकादम झालेला. आई शार्लट त्याच भागातल्या आदिवासी समाजातली. मेंढवाडा ज्या ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनीचा होता, तिला ब्रिटिश सरकारने 1824 साली 10 लाख एकर जमीन देऊ केली होती. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. शार्लटच्या लेकीवर पुढे गुरं मारल्याचे आरोप झाले, तेव्हा हा हिशेब कोणी मांडला नाही.

लहानपणी तिला सिडनीकडच्या अनाथ मुलींच्या शाळेत धाडलं. आईबाप जिवंत असताना! तिथे ती लिहा-वाचायला शिकली. चौदाव्या वर्षी एडमंड बेकर नावाच्या माणसाशी लग्न लावून दिलं. तो संसार टिकला नाही. 1860 च्या सुमारास मजी गावाकडे तिला वॉर्ड भेटला. घोडेचोरीत 10 वर्षांची शिक्षा होऊन कोकाटूवर गेलेला वॉर्ड तेव्हा सशर्त सुटकेवर होता. नेमून दिलेल्या जिल्ह्यात राहायचं आणि ठरल्या दिवशी हजेरी द्यायची. मेरी अ‍ॅनला दिवस गेले होते. तिला डंगॉगला बापाच्या घरी पोचवून परतायला त्याला उशीर झाला आणि हजेरी चुकली. त्यात घोड्याची भानगड निघाली. जुनी शिक्षा पुन्हा सुरू झाली, वर नवी चढली, आणि स्वारी परत कोकाटूवर. दरोडेखोर घडायला एवढं निमित्त पुरेसं होतं.

1863 ते 1867 या काळात दोघं पोलिसांना हुलकावण्या देत फिरत राहिली. कधी पश्चिमेच्या कोरड्या मैदानात, कधी बॅरिंग्टनच्या डोंगररांगांत. ही डोंगरांची बाजू सोपी नाही. माथा सुमारे 1,500 मीटरवर, हिवाळ्यात तिथे बर्फ पडतं. खाली घळींमध्ये उन्हं शिरणार नाहीत असं दाट ओलं रान. घोड्यावरून येणाऱ्या शिपायाचा तिथे निभाव लागणं कठीण. मेरी अ‍ॅनचं बालपण याच डोंगरांच्या पायथ्याशी गेलं होतं.

ती पुरुषांसारखी विजार आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून मांड टाकून घोड्यावर बसे. त्या काळच्या गोऱ्या समाजाला हेच मुळात दरोड्याहून मोठं पाप वाटलं असावं. लोकर कातरायच्या कात्रीचं पातं लांब काठीला बांधायचं, धावत्या गुराच्या मागे घोडा घालायचा आणि त्याच्या मागच्या पायाची शीर तोडायची, ही तिची शिकारीची रीत. बंदुकीचा आवाज नाही, म्हणजे माग नाही. गुरं मिळाली नाहीत तर रानातले कंद खणायचे. वस्तीत जाऊन सामान आणायचं, बातमी काढायची, हेही तिच्याकडे. हे सगळं पोटात किंवा कडेवर मूल असताना.

1866 च्या सुरुवातीला पोलिसांनी तळ गाठला. वॉर्ड निसटला, मेरी अ‍ॅन मुलांसह सापडली. तिच्यावर दरोड्याचा गुन्हा लावता येईना. मग स्ट्राउडच्या न्यायालयाने तिला भटकेपणाच्या कायद्याखाली दोषी ठरवलं : उदरनिर्वाहाचं उघड साधन नाही, म्हणून सहा महिने कैद. तेही ज्या मुलखात तिच्या आईचे लोक वर्षानुवर्षं राहत आले होते, तिथेच. प्रकरण सिडनीच्या विधिमंडळात गेलं. डेव्हिड बुकॅनन या सदस्याने आवाज उठवला आणि गव्हर्नरने तिची शिक्षा माफ केली. पुढल्या वर्षी ती चोरीच्या कापडाच्या आरोपापायी पुन्हा अडकली आणि तिला तीन महिन्यांची शिक्षा झाली.

त्यानंतर दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1867 च्या अखेरीस लुइसा मेसन ही वॉर्डची दुसरी सोबतीण आजारी पडून वारली. अनेक लेखकांनी ती मेरी अ‍ॅनच, असं ठरवून टाकलं आणि जिवंत बाईला शतकभर मृत ठेवलं. वॉर्ड 25 मे 1870 रोजी उरल्ला गावाजवळ केंटकी ओढ्यावर कॉन्स्टेबल वॉकरच्या गोळीने मेला.

मेरी अ‍ॅन त्यानंतर 35 वर्षं जगली. वॉर्डच्या आधीचा जोडीदार जॉन बरोज याच्या आडनावाने ती वावरली आणि 1905 मध्ये मजी इथे वारली. मृत्यूच्या नोंदीत तिचं जन्मस्थळ न्यूझीलंडमधलं ‘बे ऑफ आयलंड्स’ असं लिहिलं आहे, म्हणजे ती माओरी ठरली. न्यू साउथ वेल्समध्ये 1883 पासून आदिवासींवर देखरेखीसाठी मंडळ बसलं होतं आणि मुलं आईबापांपासून दूर नेली जात होती. मूळ लपवण्याचं कारण तिने कुठे लिहून ठेवलेलं नाही. पण माझ्या मते कोकाटूच्या पोहण्यापेक्षा ही सुटका जास्त अवघड होती, आणि ती तिने एकटीने साधली.

उरल्ल्यात आज थंडरबोल्टचा घोड्यावरचा पुतळा आहे. ग्लॉस्टरहून त्या डोंगरांतून उरल्ल्याकडे जाणारा रस्ताही त्याच्याच नावाचा आहे. खरं तर त्या रस्त्याची सुरुवात होते ती तिच्या जन्मगावाजवळून.