दूरदर्शन घरांत कोणत्या वाटेनें आणावें?

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. इंदापूर तालुक्यांत निमगांव केतकीच्या बाजूस आमच्या थोरल्या वहिनींची वस्ती आहे. श्रीतुकोबारायांची पालखी बारामती, सणसर, निमगांव केतकी, इंदापूर अशी पंढरीस जाते. ती वाट वहिनींनीं कित्येक वर्षें पायीं केली. आतां गुडघे साथ देत नाहींत, म्हणून पंढरपूरची महापूजा त्या पहाटे दूरदर्शनवर पाहतात. त्या दिवशीं स्नान करून संचापुढें बसल्या, तों पडदा काळा! वर्गणीची मुदत आदल्या रात्रींच संपली होती. "भावोजी, पैसे भरायचे राहिले म्हणून विठोबाहि बंद होतो का हो?" असें त्यांनीं फोनवर विचारलें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

संच विकत घेतांना आपण महिनाभर चौकशी करतों. परंतु त्यांत चित्र कोणत्या वाटेनें येणार, हा निर्णय मात्र दारीं आलेल्या विक्रेत्यावर सोपवितों. सबब एरियल, डिश व केबल ह्या तीन वाटांचा थोडा विचार वाचकांपुढें मांडतों.

पहिली वाट एरियलची. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढल्याच वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तें पुण्यास दिसूं लागलें. ह्या लहरी बहुतांशीं सरळ रेषेंत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळें दूरच्या गांवीं त्या डोक्यावरून निघून जातात. बारामती पुण्याहून सुमारें शंभर किलोमीटर, इंदापूर त्याहून पुढें. म्हणून आमच्याकडे उंच लोखंडी खांब, त्यावर ॲल्युमिनियमच्या नळ्यांची एरियल आणि शिवाय बूस्टर, एवढा थाट करावा लागे. वारा सुटला कीं एकानें गच्चीवर खांब फिरवावा व दुसऱ्यानें खालून "आलें, गेलें" म्हणून ओरडावें, हें वडीलधाऱ्या वाचकांस स्मरत असेलच. परंतु २०२२ पर्यंत दूरदर्शननें मोजके अपवाद सोडून हे जुने प्रक्षेपक बंद केले. तेव्हां आमच्या भागांत एरियलवर पैसा खर्च करणें आतां व्यर्थ होय.

दुसरी वाट डिशची. विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रह पृथ्वीच्या परिवलनाबरोबरच फिरतो, म्हणून तो आकाशांत स्थिर भासतो व डिश एकदां रोखली कीं पुरते. दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' जीसॅट-१५ ह्या उपग्रहावरून येते. तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्यामुळें आमच्याकडून पाहतां आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारें साठ अंश उंच असतो. त्या दिशेस दहा फुटांवर झाड असेल, तर तें डिशहून पंधरा फुटांपेक्षां अधिक उंच नसावें, एवढें पाहिलें म्हणजे झालें. जोराच्या पावसांत ह्या लहरी क्षीण होऊन चित्र थिजतें. पण आमचा प्रांत पर्जन्यछायेंतला, त्यामुळें कोंकणांतल्यासारखी ही अडचण येथें वारंवार येत नाहीं.

डिशमध्येंहि दोन प्रकार आहेत. खाजगी कंपन्यांची सेवा आपल्या देशांत २००३ पासून आहे. तींत वाहिन्या पुष्कळ, पण मुदत संपली कीं वहिनींच्यासारखी गत. फ्री डिश डिसेंबर २००४ मध्यें 'डीडी डायरेक्ट प्लस' ह्या नांवानें सुरू झाली. तींत डिश व पेटी यांचा खर्च एकदांच, पुढें मासिक वर्गणी नाहीं. सह्याद्री वाहिनी, बातम्या आणि २००७ च्या कायद्यान्वयें दूरदर्शनला मिळणारे राष्ट्रीय महत्त्वाचे क्रिकेट सामने तींत दिसतात. ज्या सशुल्क वाहिन्यांवर लोकप्रिय मराठी मालिका चालतात, त्या मात्र मिळत नाहींत, हें आधींच जाणून घ्यावें.

तिसरी वाट केबलची. ती १९९१ नंतर गल्लोगल्लीं पसरली, १९९५ च्या कायद्यानें तिला शिस्त लागली, आणि पुण्यासारख्या शहरांत २०१३ पासून व खेड्यापाड्यांत २०१७ च्या सुमारास ती पेटीशिवाय चालेनाशी झाली. केबलवाला ओळखीचा असतो, हांक मारतांच येतो. पुष्कळ ठिकाणीं त्याच्याच तारेनें इंटरनेटहि मिळतें. परंतु उसाच्या फडांपलीकडे एकट्या वस्तीसाठीं तार ओढणें कोणास परवडत नाहीं. आणि वाटेंत ती कोठें तुटली, तर सगळी आळी अंधारांत.

आतां निवड कशी करावी? आमच्या बारामतीच्या घरांत तीन बिऱ्हाडें एका चुलीवर आहेत. प्रत्येक खोलींत निराळी पेटी हवी, असा मुलांचा आग्रह होता. आम्हीं वाद घातला नाहीं; भिंतीवर पाटी टांगली व जो जें पाही त्यानें वाहिनीचें नांव तींत लिहावें, असें ठरविलें. आठ दिवसांनीं नांवें भरलीं अकरा! तेवढ्याच वाहिन्या निवडून माजघरांत केबलची एक जोडणी ठेविली. वर्गणी उतरली, हें तर खरेंच. पण सुना, नातवंडें व आम्ही रात्रीं एका ठिकाणीं बसतों, ह्याचें मोल अधिक. भांडणें होतात, पण बोलणेंहि होतें.

वस्तीवर मात्र फ्री डिश बसविली. नातवानें होकायंत्र घेऊन आग्नेय साधली. वहिनींची एक आवडती मालिका त्यामुळें अंतरली, हें खोटें नाहीं. बारामतीस आल्या म्हणजे ती त्या आमच्याकडे पाहतात. परंतु पडदा उजळला त्या दिवशीं त्यांनीं प्रथम विचारलें, "आतां पुढले पैसे केव्हां भरायचे, भावोजी?" भरायचेच नाहींत, हें त्यांस पटवितां पटवितां आमची पुरेवाट झाली.