न्हाणीमागची भट्टी

नरकचतुर्दशीच्या पहाटे घराघरांत गीझरचा लाल दिवा लागतो, तेव्हा नागपूरच्या उत्तरेला कोराडीत रात्रपाळीची माणसे बॉयलरवर लक्ष ठेवून बसलेली असतात. इथे एका बाजूला महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर आणि तलाव, तर दुसऱ्या बाजूला औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या. केंद्राचा पहिला संच १९७४ साली सुरू झाला. पुढे जुने संच एकेक करून निवृत्त होत गेले आणि २०१५ ते २०१७ या काळात ६६० मेगावॅटचे तीन नवे संच उभे राहिले. विजेला गावाचा पत्ता नसतो. ती राज्याच्या जाळ्यात मिसळते, त्यामुळे कोराडीची वीज नेमकी कोणाच्या बादलीत उतरली हे सांगता येणार नाही. पण कोळशाच्या विजेवर तापलेल्या प्रत्येक बादलीमागे अशी एखादी भट्टी असते, एवढे नक्की. प्राचीन रोमची स्नानसंस्कृती आपल्या घरी कशी आणावी, या सध्या लोकप्रिय असलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या भट्टीपासून सुरू करावेसे वाटते. टब, मेणबत्त्या, सुगंधी मीठ आणि आतून कडी लावलेले दार हे त्या प्रश्नाला बाजाराने दिलेले उत्तर आहे. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. रोमन स्नानातले घेण्याजोगे ते वस्तूंमध्ये नव्हतेच. ते होते क्रमात आणि दुसऱ्याच्या हातांत, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या अभ्यंगस्नानात आधीपासून आहेत. रोमकडून शिकायचा आहे तो तिसराच धडा, पाणी तापवणाऱ्याचा हिशेब ठेवण्याचा.

आधी क्रम पाहू. रोमन माणूस साधारणपणे दुपारी स्नानगृहात जाई. कपडे काढून ठेवायचे, अंगाला तेल चोळायचे, अंगणात चेंडू खेळून किंवा कुस्ती करून घाम काढायचा, मग धातूच्या वाकड्या खरवडणीने तेल, घाम आणि मळ एकत्र ओरबाडून काढायचा. त्यानंतर कोमट दालन, मग उष्ण दालन आणि शेवटी थंड पाण्यात बुडी. साबणाने अंग धुण्याची रीत तिथे नव्हती. आता आयुर्वेदाचार्य वाग्भटाचे ‘अष्टांगहृदय’ उघडून त्यातला दिनचर्येचा अध्याय पाहावा. तिथे अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन म्हणजे उटणे, आणि मग स्नान याच क्रमाने येतात. तेल डोक्याला, कानांना आणि तळपायांना विशेष लावावे आणि गरम पाणी मानेखाली घ्यावे, डोक्यावर नको, असे तो सांगतो. अजीर्ण झालेल्याने अभ्यंग टाळावा आणि जेवण झाल्यावर लगेच स्नान करू नये, असेही बजावतो. खरवडणी आणि उटणे ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. तेलाने मळ सुटतो खरा, पण तेल कशाने सोडवायचे? रोमन माणसाने धातू घेतला. आपण डाळीचे पीठ, नागरमोथा, आंबेहळद, वाळा, कचोरा घेतला आणि नागपूरकडे त्यात वाळलेल्या संत्र्याच्या सालीची पूड पडली.

हे साम्य म्हणजे कोणी कोणाची नक्कल केल्याचा पुरावा नव्हे. उष्ण हवा, तेलबिया आणि घाम असले की माणसे सारख्याच युक्तीपर्यंत पोहोचतात. पण दोन्हीकडचा व्यापार मात्र खरा होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावे आहेत. भडोच बंदरातून पश्चिमेकडे जाणाऱ्या मालात जटामांसी आणि कोष्ठ यांचीही नोंद आहे. रोमन सुगंधी तेलांना याच मुळांचा वास असे. म्हणजे ‘रोमन’ म्हणून आज बाटलीत विकला जाणारा सुगंध एकेकाळी आपल्याच किनाऱ्यावरून जहाजात चढत होता.

दुसरी गोष्ट हातांची. आज ‘स्वतःची काळजी’ म्हटले की एकांत गृहीत धरला जातो. रोममध्ये स्नान आणि एकांत यांचा काही संबंध नव्हता. स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने एका पत्रात खालच्या गोंगाटाचे वर्णन केले आहे. वजने उचलणाऱ्यांचे हुंकार, चोळणाऱ्याच्या तळहाताचे फटके, काखेतले केस उपटून देणाऱ्याची आरोळी, खाद्यपदार्थ विकणाऱ्यांचा गलका हे सारे त्यात आहे. चौथ्या शतकातल्या याद्या रोम शहरात ८५६ लहान स्नानगृहे मोजतात. मोठी शाही स्नानगृहे वेगळी. इ. स. २१६ मध्ये खुले झालेले सम्राट काराकालाचे स्नानगृह त्यांतलेच. अशी गर्दी म्हटली की चोरीही आलीच. इंग्लंडमधल्या बाथ गावी देवीच्या कुंडात शिशाचे शंभराहून अधिक पत्रे सापडले. त्यांतल्या कित्येकांवर आंघोळीच्या वेळी चोरीला गेलेल्या कपड्यांसाठी चोराला दिलेले शाप कोरलेले आहेत. इ. स. ३०१ च्या सम्राट डायोक्लेशियनच्या दरपत्रकात कपडे सांभाळणाऱ्या माणसाचाही दर दिला आहे, स्नानाला येणाऱ्या प्रत्येकामागे दोन दिनार. आपल्याकडची अभ्यंगाची कल्पनाही एकट्याची नाही. पाटाभोवती रांगोळी, पाटावर बसलेला माणूस, मागे उभे राहून तेल चोळणारे हात आणि समोर ओवाळणीचे तबक. बाळाच्या किंवा बाळंतिणीच्या आंघोळीत तर दुसऱ्याचे हात नसतील तर ती आंघोळच होत नाही. आपल्याच पाठीला आपला हात पुरत नाही, ही साधी शारीरिक अडचण दोन्ही संस्कृतींनी नाते जोडण्याच्या कामी लावली.

इथे पहिला आक्षेप येईल. रोमन स्नान सार्वजनिक होते आणि अभ्यंग घराच्या चार भिंतींतले, मग तुलना कशी? हा आक्षेप वजनदार आहे, कारण आपल्याकडे पाणी सार्वजनिक का होऊ शकले नाही याचे उत्तर जातीत आहे. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि तो हक्क उच्च न्यायालयात टिकायला १९३७ उजाडले. ज्या समाजात स्पर्शानेच पाणी बाटत होते, तिथे एका कुंडात सर्वांनी उतरण्याची संस्था कशी उगवणार? म्हणून अभ्यंगस्नानाचे गोडवे गाताना रोमच्या चवल्या-पावल्यांच्या प्रवेशशुल्काकडे मान खाली घालूनच पाहावे लागते. पण सार्वजनिक कुंडाचा दुसरा चेहराही पाहिला पाहिजे. मार्कस ऑरेलियस या सम्राटाने स्नानाचे वर्णन तेल, घाम, घाण आणि तवंग आलेले पाणी अशा शब्दांत केले आहे. केल्सस या रोमन लेखकाच्या वैद्यकग्रंथात जखम स्वच्छ झालेली नसताना स्नानगृहात जाऊ नये, जखम सडते, असा इशारा आहे. आरोग्यापुरते पाहिले तर अंगावरून वाहून जाणारी आपली बादली आणि तांब्या त्या भव्य कुंडापेक्षा सरसच.

आता भट्टीकडे येऊ. रोमन उष्ण दालनाची जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर पेललेली असे. रोमन वास्तुविशारद विट्रुव्हियसने त्यांची उंची दोन फूट सांगितली आहे. शेजारच्या भट्टीतली गरम हवा या पोकळीतून आणि भिंतींतल्या मातीच्या नळ्यांतून फिरे. आत लोक गप्पा मारत आणि खाली धुरात दास लाकडे सारत. पोर्तुगालमधल्या विपास्का या खाणींच्या वस्तीत हद्रियन बादशहाच्या काळातला एक करार ब्राँझच्या पत्र्यावर सापडला आहे. कंत्राटदाराने वर्षभर रोज पाणी तापवलेच पाहिजे, सकाळची वेळ बायकांची, दुपारनंतरची पुरुषांची, सरपणासाठी दिलेले लाकूड त्याने परस्पर विकायचे नाही, असे त्यात बजावले आहे. पुरुषांना अर्धा आस (आस हे रोमन नाणे) लागे आणि बायकांना पूर्ण आस, म्हणजे दुप्पट. चैनीच्या कथा सांगणाऱ्यांना हा पत्रा आठवत नाही, पण स्नानसंस्थेचे खरे अर्थशास्त्र त्यातच आहे.

आपली भट्टी न्हाणीतून नाहीशी झाली आणि तिचा हिशेबही नजरेआड गेला. तांब्याच्या बंबात मधल्या नळीत निखारे असत, भोवती पाणी. कढत पाणी घंगाळात काढून त्यात विसण घालणाऱ्याला लाकूड किती जळाले ते डोळ्यांनी दिसे. गीझरचे तसे नाही. साधा हिशेब मांडू. वीस लिटरची बादली वीस अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. आपल्या कोळशावर एका युनिटमागे ढोबळमानाने ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एका बादलीला सुमारे ४०० ग्रॅम. दीडशे लिटरचा टब त्याच वीस अंशांवरून चाळीस अंशांपर्यंत तापवला तर साडेतीन युनिट, म्हणजे दोन किलोंहून अधिक कोळसा आणि त्यातून पाऊण किलोच्या आसपास राख. शिवाय कोळशातली अर्ध्याहून अधिक उष्णता वीज होण्याआधीच पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून आणि धुराड्यातून हवेत निघून जाते. ती राख कुठे तरी साठवावी लागते. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळ खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, तेव्हा ती शेतांत आणि वस्तीच्या पाण्यात उतरली. पाण्याचे वर्तुळ आणखी बोलके आहे. नागपूरकरांच्या मोऱ्यांतून वाहून जाणारे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला पुरवण्यासाठी रोज १३ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा आहे. आपल्या अंगावरून गेलेले पाणी अशा रीतीने आपलेच पुढचे पाणी तापवायला कामी येते. म्हणून ‘घरच्या घरी रोमन टब’ ही कल्पना मला उधळपट्टी वाटते. पाट, तांब्या आणि छपरावरचा सौर बंब यांत क्रम सगळा राखता येतो आणि भट्टीवरचा भार हलका होतो.

दुसरा आक्षेप असा की, हे सारे कर्मकांड झाले, यात काळजी कुठे आहे? वाग्भटाने अभ्यंग पुण्यासाठी नव्हे, तर थकवा जावा, झोप लागावी, त्वचा टिकावी म्हणून सांगितला आणि रोज करायला सांगितला. आपण तो वर्षातून एका पहाटेपुरता उरवला. आठवड्यातून एकदा जरी करायचा ठरवला तरी लागते ते थोडकेच. वाटीभर कोमट तीळतेल, अंगात मुरायला अर्धा तास, त्या वेळात थोडी हालचाल, मग उटणे आणि दोन बादल्या पाणी. तेलकट फरशीवर वयस्कर माणसाचा पाय घसरू नये म्हणून पाटाखाली गोणपाट टाकावे. हृदयविकार असलेल्याने एकदम थंड पाणी घेण्याचा रोमन हट्ट सोडावा. गॅसचा गीझर असेल तर न्हाणीला खिडकी हवीच.

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे, आणि तो माझा मलाच घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या हातांचे एवढे कौतुक करताना ते हात कोणाचे? रोममध्ये दासाचे. बहुतेक मराठी घरांत, पहाटे सर्वांत आधी उठून पाणी तापवणाऱ्या, सगळ्यांच्या पाठी चोळणाऱ्या आणि शेवटी उरल्या पाण्यात घाईघाईने न्हाऊन फराळाच्या ताटांकडे वळणाऱ्या बाईचे. घरातली भट्टी कोराडीला गेली, पण भट्टीवरचे माणूस घरातच राहिले. या प्रश्नावर रोमन चरित्रकारांनी हद्रियनची एक गोष्ट नोंदवली आहे. स्नानगृहात एक म्हातारा सैनिक भिंतीला पाठ घासताना सम्राटाला दिसला. पाठ चोळायला दास नाही असे कळल्यावर त्याने त्याला दास दिले आणि त्यांचा खर्चही. दुसऱ्या वेळी सम्राटाला पाहताच बरेच म्हातारे भिंतीला पाठी घासू लागले. हद्रियनने त्यांना काहीच दिले नाही, एकमेकांच्या पाठी चोळा म्हणून सांगितले. रोममधून घरी आणावी अशी एकच गोष्ट असेल तर ती ही. या दिवाळीत ज्याने पाणी तापत ठेवले, तो किंवा ती पाटावर आधी बसेल आणि तेलाची वाटी दुसरा कोणी तरी हातात घेईल.