पाट्यावरचं कवठ

२६ फेब्रुवारी २०२५ ला महाशिवरात्र होती. आदल्या दिवशी संध्याकाळी मी गंगाखेडात उतरले ती जनाबाईंचं जन्मगाव बघायला म्हणून. पण देवळाकडे वळायच्या आधीच बाजारात पाय थबकले. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरून कवठांचा ढीग मांडला होता आणि त्याचा तो आंबूस, गुळमट, थोडा मातकट वास सगळ्या रस्त्यावर पसरला होता. आमच्या घरी आजी गेल्यावर हा वास बंद झाला. वीस वर्षांनी तो असा अचानक समोर आला.

ढिगासमोर एक म्हातारी उकिडवी बसली होती. एकेक कवठ उचलायची, हातभर उंचीवरून फरशीच्या तुकड्यावर सोडायची आणि कान देऊन ऐकायची. मी बघत उभी राहिले तशी म्हणाली, ‘‘काय बघायलात बाई? टणकन उडालं तर कच्चं. धपकन बसलं तर पिकलं.’’ चांगली वीस-पंचवीस कवठं अशी ऐकून तिनं त्यातली पाच घेतली. चटणी कशी करता, असं विचारल्यावर सरळ म्हणाली, ‘‘सांगून कसं कळंल? सकाळी घरी या की.’’

गोदावरीकडे उतरत जाणाऱ्या एका गल्लीत तिचं घर. मी पोचले तेव्हा नदीवरून ओलेत्यानं परतणाऱ्यांची वर्दळ सुरू होती. अंगणात पाटा-वरवंटा धुऊन ठेवलेला. स्वयंपाकघरात मिक्सर आहे, सून तो रोज वापरते. पण कवठाला मावशी त्याला हात लावू देत नाहीत. ‘‘बिया फुटत्यात त्यात. मग चटणी कडू लागती.’’

पाचातलं एक कवठ त्यांनी आधीच बाजूला काढलं होतं, महादेवाला वाहायला. उरलेली चार फोडायची होती. मावशींनी कवठ उंबऱ्याच्या दगडी कडेवर आपटलं, जरा फिरवून पुन्हा आपटलं. तिसऱ्या ठोक्याला पांढुरकी, खरबरीत करवंटी सरळ रेषेत चिरली. आत गर्द तपकिरी गर, चिंचेच्या गोळ्यासारखा. त्यात चिकट बिया आणि करवंटीला धरून राहिलेल्या शिरा. दुसरं आतून बुरसलेलं निघालं, ते टाकलं. मावशी चमच्यानं गर काढत होत्या आणि शिरा बोटांनी ओढून वेगळ्या करत होत्या. कितीतरी वेळ हेच चाललं होतं. या चटणीत कष्टाचं काम एवढंच. बाकी सगळं सोपं.

गूळ किती, हे गर जिभेला लावून ठरतं. एक वाटी गराला एक वाटी गूळ, कवठ फार आंबट निघालं तर दीड. शिवाय मीठ, लाल तिखट आणि भाजलेलं जिरं. काही घरांत उपासाला जिरं चालत नाही, मावशींच्या घरी चालतं. वरवंटा त्या दाबत नव्हत्या, नुसता फिरवत होत्या. गूळ विरघळला, गर सैल झाला, पाट्यावर काळसर तांबडी चकाकी आली. पाव तासात चटणी झाली.

‘‘पाव तासाचं काम,’’ मी म्हणाले.

‘‘चटणी पाव तासाची. झाडाला पंधरा वर्षं लागत्यात.’’

बी लावून वाढवलेलं कवठाचं झाड फळायला निदान १५ वर्षं घेतं, हे खरंच आहे. मावशींच्या शेताच्या बांधावर सासऱ्यांनी लावलेलं एक झाड होतं. भावाभावांत वाटण्या झाल्या, बांध सरकला, झाड मधे आलं. तोडलं. तेव्हापासून कवठ विकत येतं. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, पण ‘पंधरा वर्षं’ हे शब्द त्या सकाळी मी त्यांच्या तोंडून तीनदा ऐकले.

मला तक्रार आहे. कवठाला फारसं पाणी लागत नाही, हलकी जमीन चालते, काट्यांमुळे गुरं लांब राहतात. मराठवाड्याच्या बांधासाठी याहून शहाणं झाड शोधून सापडणार नाही. सांगलीकडचं कवठे महांकाळ, शिरूरचं कवठे यमाई, कितीएक कवठा नावाची गावं, या सगळ्यांनी नाव घेतलं ते याच झाडाचं. संस्कृतात गजभुक्तकपित्थ न्याय आहे: हत्तीनं गिळलेलं कवठ बाहेर पडतं तेव्हा वरून अखंड दिसतं, आत गर नसतो. कवठ्यात कवठ सापडेनासं झालं की गावाचंही तसंच.

देवळातून आल्यावर पानं वाढली. भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी, आणि डाव्या बाजूला चमचाभर चटणी. चमचाभरच, कारण ती चाटायची असते. आधी गूळ लागतो, मग आंबट, मग घशाशी तिखट, आणि शेवटी दाताखाली बी कुरकुरतं. भगरीसारख्या मिळमिळीत पदार्थाला त्या चमचाभरानं जीव येतो. शेजारच्या दोन घरी वाट्या गेल्या. उरलेली चटणी दुसऱ्या दिवशी ज्वारीच्या भाकरीबरोबर खायची म्हणून सुनेनं बरणीत भरली.

निघताना मावशी अंगणात बसून काहीतरी चोळत होत्या. चारांत सगळ्यांत गोड निघालेल्या कवठाच्या मूठभर बिया त्यांनी चटणीत घातल्याच नव्हत्या. राखेत चोळून, धुऊन सुपात पसरल्या होत्या. स्वतःचा बांध तर गेला, मग या कुणासाठी? ‘‘ज्याला बांध हाय त्याला देती. मला काय आता पंधरा वर्षं मिळायची न्हाईत.’’ कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी दहाबारा बिया मलाही दिल्या.

ज्यांना १५ वर्षं फार वाटतात त्यांनी कलम लावावं, ते लवकर फळतं. पण तुमच्याकडे बांध असेल, कुंपणालगत हातभर जागा असेल, तर यंदा कवठ खाल्ल्यावर बिया टाकू नका. धुवा, सावलीत सुकवा, पिशवीत माती भरून लावा. दोन-तीन आठवड्यांत कोंब वर येतो. पावसाळ्याच्या तोंडाशी रोप बांधावर न्या आणि पहिली काही वर्षं शेळ्यांपासून जपा.