पियानोवाल्याची बिनपियानोची धून

तंबोऱ्याचा झंकार आणि त्यावर हळूच चढणारं व्हायोलिन. आकाशवाणीची ही संकेतधून वाजली की रेवसपासून श्रीवर्धनपर्यंतच्या घरांत चहाचं आधण ठेवायची वेळ झालेली असायची. या धुनेचं श्रेय ज्याला दिलं जातं तो कुणी घराण्याचा गवई नव्हता. तो होता युरोपातून पळून आलेला एक ज्यू पियानोवादक, नाव वॉल्टर कॉफमन. आणि त्याच्या या सर्वांत जास्त ऐकल्या गेलेल्या रचनेत पियानोचा एक सूर नाही!

जन्म १ एप्रिल १९०७, गाव कार्ल्सबाड, म्हणजे आताच्या चेक प्रजासत्ताकातलं कार्लोव्ही व्हारी. बर्लिनमध्ये संगीताचं शिक्षण झालं, मग प्राग. तिथे पीएचडीचं काम होत आलेलं असताना कळलं की मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीतले आहेत. पठ्ठ्यानं पदवीच नाकारली. आपल्याकडे पीएचडीसाठी लोक मार्गदर्शकाची भाजी आणून देतात, त्या हिशेबानं हे फारच झालं!

बायको गर्टी. तिचा सख्खा मामा कोण, तर फ्रान्झ काफ्का.

१९३४ साली कॉफमन मुंबईत उतरला. युरोपात हिटलरची पावलं वाजू लागली होती आणि हिंदुस्थानचा व्हिसा सहज मिळत होता. ओळखीचं माणूस म्हणजे बर्लिनमध्ये भेटलेले दिग्दर्शक मोहन भवनानी. हे तेच भवनानी, ज्यांच्या ‘मिल’ची कथा प्रेमचंदांनी लिहिली होती. त्यांच्या चित्रपटांसाठी कॉफमननं संगीतही दिलं.

आपलं संगीत मात्र पहिल्या ऐकण्यात त्याला अजिबात रुचलं नाही. विचित्रच वाटलं. दुसरा एखादा गोरा साहेब कानावर हात ठेवून जिमखान्यात परतला असता. यानं उलट विचार केला: एवढे लोक इतक्या प्रेमानं हे ऐकतात, तर खोट आपल्या कानात असणार. मग तो राग शिकायला बसला आणि जन्मभर उठला नाही.

जिमखाना त्यानं सोडला होता अशातला भाग नाही. ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ काढून विलिंग्डन जिमखान्यात तो मैफली भरवायचा. पियानोवर स्वतः, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एदिजिओ व्हेर्गा. मे १९३७ पर्यंत या मंडळींचे १३६ कार्यक्रम झाले होते. बेथोव्हेनला मुंबईत एवढा श्रोता होता, हे आज सांगूनही पटत नाही.

रेडिओवर तो पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळायचा, १९४६ पर्यंत. ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव जून १९३६ मधलं आणि संकेतधूनही त्याच सुमाराची. सूर शिवरंजनीच्या वळणाचे, व्हायोलिन मेहलींचं. पियानोवाल्यानं पियानो का टाळला, याचं उत्तर वाद्यातच आहे. ८८ पट्ट्या, पण प्रत्येक पट्टीचा सूर जागच्या जागी खिळलेला; एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय नाही. मींड गेली की शिवरंजनीत उरतं काय? व्हायोलिनचं बोट मात्र तारेवर हवं तसं सरकतं.

याच कारणावरून रेडिओनं आपल्या पेटीचा मात्र बळी घेतला. पेटीला मींड नाही, तिचे सूर पाश्चात्त्य मापाचे, अशी तक्रार होती. रेडिओच्या दिल्ली केंद्रावर काम करणारा इंग्रज संगीतकार जॉन फाउल्ड्स यानं तिच्याविरुद्ध लेख लिहिला, नियंत्रक लायनेल फील्डन यांनी मनावर घेतलं आणि १ मार्च १९४० पासून हार्मोनियम हद्दपार झाली. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. म्हणजे अलिबाग-मुरुडकडे भजनी मंडळांत पेटीशिवाय पान हलत नव्हतं, तेव्हा सरकारी रेडिओवर ती वर्ज्य होती. भजनी बुवांनी फील्डनसाहेबांना अर्थातच विचारलं नाही. बरं केलं.

आता थोडं अलिबागकडे वळतो, कारण ज्यू माणूस समुद्रमार्गे या किनाऱ्याला लागण्याची ही पहिली खेप नव्हती. नवगावजवळ गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही बेने इस्राएल समाजाची परंपरागत कथा. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकऱ्यांनी नाव पाडलं ‘शनवार तेली’. शतकानुशतकं ही मंडळी मराठीच बोलत आली. कीर्तनही मराठीत, आख्यान मात्र मोझेसचं! अलिबागेत इस्राएल आळी आणि तिथलं मागेन अबोथ सिनेगॉग आजही आहे. कॉफमन कधी खाडी ओलांडून इकडे आला असता तर त्याला किती नवल वाटलं असतं.

तो गेला मात्र भलतीकडे. कॅनडात हॅलिफॅक्सच्या संगीत विद्यालयात पियानो विभागाचा प्रमुख, १९४८ पासून विनिपेग सिम्फनीचा कंडक्टर, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक. दुसरी बायको फ्रेडा ट्रेपेल, तीही पियानोवादक. मास्तरकी करता करता त्यानं उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, १९६८ मध्ये. पुढे दक्षिणेच्या रागांवर दुसरा. १९८४ मध्ये तो वारला. त्याच्या चेंबर संगीताची स्वतंत्र तबकडी निघायला २०२० साल लागलं. ती काढली टोरांटोच्या ‘एआरसी आँसांब्ल’नं.

मेहली मेहतांच्या घरी, संकेतधून जन्मली त्याच सुमारास म्हणजे एप्रिल १९३६ मध्ये, मुलगा झाला. त्याचं नाव झुबिन. १९७७ ते २०१९ या काळात तो इस्राएल फिलहार्मोनिकचा संगीत संचालक होता. त्याच देशात आपल्या किनाऱ्यावरून गेलेल्या बेने इस्राएल मंडळींनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.