रेडलिकियाचे गोत्र

उपासाच्या दिवशी आपल्याकडे साध्या मिठाऐवजी शेंदेलोण, म्हणजेच सैंधव, वापरतात. वर्षानुवर्षे आपल्या वाण्याकडे हे सैंधव जिथून येत असे, ती खेवड्याची प्रसिद्ध खाण पंजाबच्या पश्चिम भागात, आजच्या पाकिस्तानात आहे. झेलम नदीच्या उत्तरेला पसरलेल्या या डोंगररांगेचे नावच मुळी ‘सॉल्ट रेंज’, मिठाची रांग. या डोंगराचा कडा खालून वर पाहत गेलो तर सर्वांत खाली मिठाचे थर लागतात, त्यांच्यावर जांभळट वालुकाश्म लागतो आणि त्याच्याही वर करड्या-हिरवट रंगाचे थर दिसतात. आपली आजची गोष्ट या वरच्या थरांतली आहे. एके काळी इथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी एक प्राणी सरपटत होता. त्याचे नाव रेडलिकिया.

ब्रिटिश राजवटीत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने या डोंगरातले जीवाश्म गोळा केले. त्यांतल्या काहींचा अभ्यास कार्ल रेडलिक या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने केला आणि १८९९ साली या प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने दिलेले नाव मात्र टिकले नाही, कारण ते नाव आधीच दुसऱ्या एका प्राण्याला देऊन झाले होते. प्राणिशास्त्राच्या नियमाप्रमाणे एक नाव दोघांना चालत नाही. म्हणून १९०२ साली कॉसमन या फ्रेंच संशोधकाने रेडलिकच्याच नावावरून ‘रेडलिकिया’ हे नवे नाव दिले. हे नाव एका प्रजातीचे आहे. जसे वाघ आणि सिंह या दोन वेगळ्या जाती असल्या तरी त्यांची प्रजाती एकच, तसेच रेडलिकिया या प्रजातीत अनेक जाती येतात. पंजाबातली जाती ‘रेडलिकिया नोएटलिंगी’ म्हणून ओळखली जाते.

रेडलिकिया हा ट्रायलोबाइट होता. ट्रायलोबाइट म्हणजे तीन खंडांचा प्राणी. त्याच्या पाठीवर लांबीच्या दिशेने दोन खोल पन्हळी असतात आणि त्यांमुळे अंगाचे मधला कणा आणि दोन बाजू असे तीन भाग पडतात. हे झाले उभे भाग. आडवे भाग करायचे तर पुढे ढालीसारखे डोके, मध्ये एकापुढे एक जोडलेल्या पट्ट्यांचे धड आणि शेवटी शेपटीची चकती. खेकडा, कोळंबी, विंचू, झुरळ ज्या संधिपाद प्राण्यांच्या मोठ्या कुळात मोडतात, त्याच कुळातली ही एक जुनी शाखा. सर्वांत जुने ट्रायलोबाइट सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात आणि शेवटचे सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी नाहीसे झाले. डायनोसॉरांचा अंत होऊन साडेसहा कोटी वर्षे झाली, हे लक्षात घेतले म्हणजे या प्राण्यांची मुदत किती लांब होती याची कल्पना येईल.

रेडलिकिया या इतिहासाच्या अगदी आरंभीच्या प्रकरणातला. अर्धचंद्राच्या आकाराचे मोठे डोळे, डोक्याच्या दोन्ही कोपऱ्यांतून मागे निघालेले काटे, दहाहून अधिक पट्ट्यांचे लांब धड आणि त्या मानाने अगदीच चिमुकली शेपटी असे त्याचे रूप. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला कांगारू बेट आहे. तिथल्या खडकात रेडलिकियाचे नुसते कवचच नव्हे, तर पायांचेही ठसे टिकले आहेत. त्यांतल्या एका मोठ्या जातीला २०१९ साली ‘रेडलिकिया रेक्स’, म्हणजे राजा रेडलिकिया, असे नाव मिळाले. हा राजा जवळजवळ ३० सेंटिमीटर लांब, शाळेतल्या फूटपट्टीएवढा होता. त्याच्या पायांच्या मुळाशी जाड काटे होते. आपण अडकित्त्याने सुपारी फोडतो तसे तो या काट्यांमध्ये धरून भक्ष्याचे कवच फोडत असावा. त्याच थरांत विष्ठेचे जीवाश्म मिळाले आहेत आणि त्यांत ट्रायलोबाइटांच्या कवचाचे तुकडे आहेत. एकमेकांना खाण्याचा व्यवहार तेव्हाही चालू होता.

भूवैज्ञानिकांना असे प्राणी फार उपयोगी पडतात. ज्या थरात रेडलिकिया, तो थर कँब्रियन काळाच्या पूर्वार्धातला, असे खात्रीने सांगता येते. खेवड्याच्या मिठावरून तर यामुळे मोठा वाद झाला होता. थोर वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांना या मिठात लाकडाचे आणि वनस्पतींचे सूक्ष्म अवशेष दिसले. जमिनीवर झाडेच नसलेल्या काळातल्या मिठात लाकूड कुठून येणार? म्हणून १९४० च्या दशकात त्यांनी असे मत मांडले की मीठ फार अलीकडचे, सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे आहे आणि भूकवचाच्या हालचालींमुळे ट्रायलोबाइटांचे जुने खडक त्याच्यावर सरकून बसले आहेत. पुढे हे मत मागे पडले. ते अवशेष नंतर झिरपत्या पाण्याबरोबर मिठात शिरले असावेत, असे मानले गेले. मीठ रेडलिकियाहून जुनेच आहे, हे आता मान्य झाले आहे. या सगळ्या वादात वरच्या खडकांच्या वयाबद्दल कोणालाही शंका नव्हती. ती साक्ष ट्रायलोबाइटांनी पक्की दिली होती.

दुसऱ्यांचे वय सांगणाऱ्या या साक्षीदाराचे स्वतःचे गोत्र कोणते, हा प्रश्न मात्र सोपा नव्हता. तो सोडवण्याची किल्ली त्याच्या चेहऱ्यावर आहे.

पावसाळ्यात ओढ्याकाठी खेकड्याने टाकलेले कवच अनेकांनी पाहिले असेल. कवच वाढत नाही आणि आतला प्राणी वाढतो, म्हणून जुने कवच फोडून बाहेर यावे लागते. ट्रायलोबाइटही असेच कवच टाकत. आता अंगावरचे घट्ट चिलखत काढायचे तर ते कुठे तरी उसवले पाहिजे. रेडलिकियाच्या डोक्यावर यासाठी एक सोय होती. पुढच्या कडेपासून निघून डोळ्याच्या काठाने मागे जाणारी एक बारीक रेघ दोन्ही बाजूंना असे. ही जणू शिवण. कात टाकताना ती उसवे, दोन्ही गाल सुटे होत आणि प्राणी पुढून बाहेर सरके. म्हणून खडकात पुष्कळदा ट्रायलोबाइटांचे नुसते सुटे गाल सापडतात.

पण त्याच काळातल्या ट्रायलोबाइटांचा दुसरा एक मोठा गट आहे, ओलेनेलस आणि त्याच्या नातलगांचा. त्यांच्या चेहऱ्यावर ही शिवण नाही. त्यांचे कवच डोक्याच्या पुढच्या कडेने उघडत असे. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर नालेच्या आकाराचा जो नालखेकडा मिळतो, तोही असाच पुढच्या कडेने कवच उघडून बाहेर येतो.

मग या दोघांचे नाते काय? एक शक्यता अशी की ओलेनेलसच्या पूर्वजांना शिवण होती आणि ती नंतर मिटली. ही कल्पना अशक्य नाही, कारण पुढे कोट्यवधी वर्षांनी फॅकॉप्ससारख्या ट्रायलोबाइटांत शिवण खरोखरच मिटली होती. दुसरी शक्यता अशी की शिवण नसणे हीच मूळची स्थिती होती आणि ती नंतर आली. १९८० च्या सुमारास लाउटरबाख या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने याहूनही धाडसी मत मांडले. ओलेनेलस आणि त्याचे भाऊबंद खरे तर विंचू, कोळी, नालखेकडे यांच्या वंशाला जवळचे आहेत आणि बाकीच्या ट्रायलोबाइटांशी त्यांचा थेट संबंध नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे खरे ठरले असते तर ‘ट्रायलोबाइट’ हा गटच मोडीत निघाला असता. १९८९ साली फोर्टी आणि व्हिटिंग्टन यांनी, तर १९९१ साली रॅमशोल्ड आणि एजकोम यांनी या मताला सविस्तर उत्तर दिले. कॅल्साइट या खनिजाचे कवच आणि डोळ्यांवरही त्याच खनिजाचे आवरण अशी वैशिष्ट्ये दोन्ही गटांत आहेत. ती वेगवेगळी दोनदा निर्माण झाली असे मानण्यापेक्षा एकाच पूर्वजाकडून आली असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ट्रायलोबाइटांचे कुटुंब एकच राहिले. ओलेनेलसच्या गटात शिवण मुळातच नव्हती, हे मत आज अधिक मानले जाते.

जुन्या वर्गीकरणात या दोन्ही गटांना एकत्र करून ‘रेडलिकिडा’ नावाचा एकच गण केला होता. आधार काय? तर दोघांचेही धड लांब, शेपटी लहान आणि डोळे मोठे. इथे नात्याच्या हिशेबातली एक मोठी गोम आहे. माणसाच्या हाताला पाच बोटे असतात, पालीच्या पायालाही पाच आणि घोड्याच्या पायाला एकच. म्हणून माणूस पालीचा जवळचा नातलग आणि घोडा दूरचा, असे कोणी म्हणेल काय? पाच बोटे ही फार जुन्या पूर्वजाकडून आलेली ठेव आहे, घोड्याने ती गमावली इतकेच. जुनी ठेव दोघांकडे शिल्लक आहे म्हणून ते दोघे सख्खे ठरत नाहीत. जवळचे नाते सिद्ध होते ते नव्याने आलेल्या आणि दोघांनी मिळून घेतलेल्या वैशिष्ट्यांवरून.

लांब धड आणि लहान शेपटी ही अशीच जुनी ठेव. चेहऱ्यावरची शिवण मात्र नवी. या हिशेबाने रेडलिकिया ओलेनेलसपेक्षा नंतरच्या शिवणधारी ट्रायलोबाइटांना अधिक जवळचा ठरतो, जरी दिसायला तो ओलेनेलससारखा असला तरी. एखाद्या वाड्यातून काही भाऊ शहरात गेले, त्यांनी राहणी बदलली. वाड्यात मागे राहिलेल्या सगळ्यांना एक घर म्हणायचे आणि गेलेल्यांना परके म्हणायचे, तर ती वंशावळ होत नाही, ती नुसती राहत्या माणसांची यादी होते. ‘रेडलिकिडा’ ही अशी यादी आहे. तो वंशवृक्षाची एक फांदी नसून पुढच्या फांद्या जिथून फुटल्या तो बुंधा आहे. याचा अर्थ रेडलिकिया स्वतः सर्वांचा आजोबा असा नव्हे. तो त्या आजोबांच्या पिढीतला, त्याच वाड्यातला एक चुलत भाऊ.

नात्याचा दुसरा पुरावा भूगोलाने दिला. ओलेनेलसचे जीवाश्म उत्तर अमेरिकेत आणि स्कॉटलंडच्या वायव्य भागात मिळतात. रेडलिकिया मिळतो पंजाबात, इराणात, चीनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात. १९८० च्या दशकात आपल्याकडच्या लघु हिमालयातल्या ताल गटाच्या खडकांतूनही त्याची नोंद झाली. नकाशावर आज हे प्रदेश दूरदूर दिसतात, पण तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलिया गोंडवन या महाखंडाचे भाग होते, चीनचे भूखंडही त्यापासून फार लांब नव्हते, आणि या सगळ्यांच्या उथळ किनाऱ्यांवर रेडलिकियाचा वावर होता. उत्तर अमेरिकेचे भूखंड खोल समुद्रापलीकडे होते. महाराष्ट्रात मात्र दख्खनच्या काळ्या फत्तरात ट्रायलोबाइट शोधू नयेत. तो लाव्हाचा खडक आहे आणि तो वाहिला तेव्हा ट्रायलोबाइट संपून अठरा कोटी वर्षे उलटली होती.

अशाच लाव्हाशी रेडलिकियाच्या अंताचाही संबंध असावा. सुमारे ५१ कोटी वर्षांपूर्वी रेडलिकियाचे आणि ओलेनेलसचे असे दोन्ही गट जवळपास एकाच सुमारास संपले. त्याच सुमारास उत्तर ऑस्ट्रेलियात दख्खनसारखेच प्रचंड लाव्हालोट पसरले होते. त्यातून निघालेल्या वायूंनी हवामान बिघडले आणि उथळ समुद्रातला प्राणवायू घटला, असा अनेक संशोधकांचा तर्क आहे. वाड्यात राहिलेले गेले, बाहेर पडलेल्यांचा वंश पुढे पंचवीस कोटी वर्षे चालला.

एक कोडे अजून उरतेच. सर्वांत जुन्या थरांतच शिवण असलेले आणि नसलेले दोन्ही ट्रायलोबाइट जवळपास एकदम दिसू लागतात, तेही सैबेरिया, मोरोक्को अशा दूरच्या ठिकाणी. म्हणजे त्यांची फाटाफूट त्याआधीच झाली असणार, पण त्या पूर्वजांना टणक कवच नसल्याने त्यांचा ठसा उरला नसावा. २०१९ साली पॅटरसन, एजकोम आणि ली यांनी कँब्रियन ट्रायलोबाइटांच्या बदलाचा वेग मोजला. तो काही विलक्षण नव्हता, बराचसा एकसारखा होता. प्राणिसृष्टीचा जो ‘कँब्रियन स्फोट’ म्हणून ओळखला जातो, त्याचा जोर पहिल्या ट्रायलोबाइटाचे कवच खडकात उमटले तेव्हा बहुतांशी ओसरला होता, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

कधी एखाद्या संग्रहालयात कँब्रियन काळातला ट्रायलोबाइट पाहायला मिळाला तर आधी त्याचा डोळा शोधा. मग डोळ्याच्या काठाने मागे जाणारी बारीक रेघ दिसते का ते पाहा. दिसली तर तो रेडलिकियाच्या बाजूचा. चेहरा पूर्ण असूनही रेघ दिसली नाही, आणि धड लांब, शेपटी चिमुकली असली, तर बहुधा ओलेनेलसच्या बाजूचा. इतक्या जुन्या काळातला भाऊबंदकीचा निवाडा एवढ्याशा शिवणीवर ठरतो.