अंधारी आणि परतीची वाट

दौलताबादच्या किल्ल्यात खंदकावरचा अरुंद पूल ओलांडला की पुढे अंधारी लागते. कातळात कोरलेली ही वळणावळणाची चढण एकाच हेतूने घडवली आहे : आत शिरलेल्याला वाट उमगू नये. उजेड नाही, पाऊल कुठे पडेल याचा भरवसा नाही, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून धूर आत कोंडण्याची सोय. या आठवड्याचा विषय आहे प्ले पार्टी, म्हणजे प्रौढ माणसांनी एकमेकांच्या संमतीने शरीरसुखासाठी किंवा बांधणे, फटके अशा ‘किंक’ प्रकारांसाठी एकत्र जमणे. तिथे पहिल्यांदा जाऊ पाहणाऱ्याने अंधारी डोळ्यांसमोर ठेवून एकच प्रश्न आधी विचारावा, असे माझे म्हणणे आहे. इथून कोणत्याही क्षणी, कारण न सांगता, निघता येते का? पार्टी चांगली की वाईट हे पाहुणे किती देखणे आहेत किंवा जागा किती महागडी आहे यावरून कळत नाही. या प्रश्नाच्या उत्तरावरून कळते.

याला आधार आपल्याच कायद्यात आहे. 2013 साली बलात्काराच्या कलमात संमतीची व्याख्या आली आणि ती आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये कायम आहे. शब्दांनी किंवा हावभावांनी, स्पष्टपणे आणि स्वखुशीने, त्या विशिष्ट कृतीसाठी दिलेला होकार म्हणजे संमती. अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही. ‘त्या विशिष्ट कृतीसाठी’ हे शब्द नीट वाचावेत. दारातून आत येणे, कपडे उतरवणे, तासभर गप्पा मारणे, यांतल्या कशानेही पुढच्या स्पर्शाची परवानगी मिळत नाही. जाणती मंडळी जे नियम पाळतात ते याच तत्त्वाचे व्यवहारातले रूप आहे. दारातच फोन जमा होतो किंवा कॅमेऱ्याच्या भिंगावर स्टिकर चिकटवला जातो. ‘पिवळा’ म्हटले की सावकाश, ‘लाल’ म्हटले की तिथल्या तिथे थांबायचे. न पिता लक्ष ठेवणारा एक माणूस खोलीत फिरत असतो. नवख्याने आधी ‘मंच’ला जावे, कॅफेत साध्या कपड्यांत बसून नुसते बोलण्याची ही पद्धत 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात रुजली. आणि पहिल्या पार्टीत काहीच न करता नुसते बसून परत यायलाही पूर्ण मुभा हवी. जिथे बसून राहणाऱ्याला टोमणे ऐकावे लागतात, तिथे निघून जाणाऱ्याचे काय होईल याचा अंदाज बांधता येतो.

एक आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. संमती-संमती म्हणता, पण आपल्याकडे बायकोला नवऱ्यापुढे ‘नाही’ म्हणता येते का? बहुतेक वेळा येत नाही. त्याच कलम 63 मध्ये अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेल्या संबंधाला बलात्कारातून वगळलेले आहे. घरातल्या नकारालाच जिथे कायद्याचे पूर्ण पाठबळ नाही, तिथे ‘आमचं दोघांचं ठरलंय’ या वाक्यावर विसंबून कसे चालेल? पण या आक्षेपातून बंदी निघत नाही, आयोजकाची जबाबदारी निघते. जोडप्यातल्या प्रत्येकाशी वेगळे बोलायचे, नवऱ्याच्या फोनवरून आलेला बायकोचा होकार धरायचा नाही, आणि तिने बाजूला येऊन ‘मला घरी जायचंय’ म्हटले तर त्याला न विचारता तिची सोय करायची. एवढे ज्याला जमत नाही त्याने पार्टी ठेवू नये. बायकोने इतके समजूतदार असायला हवे की तिने मन मारून यावे, ही अपेक्षा तर मुळातच अन्यायाची आहे.

‘हे आपल्या संस्कृतीत नाही’ या आक्षेपाला फार जागा द्यावी असे वाटत नाही. दौलताबादच्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ चोरट्या भेटींनी आणि उघड ओढीने भरलेली आहे. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक शंकांना मराठीत उत्तरे दिली, आणि त्यापायी 1934 साली खटला झाला तेव्हा त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. कायद्याची भीती मात्र खरी आहे. 2016 साली अंधेरीतल्या एका फ्लॅटच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने खाजगी फ्लॅट ही सार्वजनिक जागा नव्हे, असे सांगत अश्लील कृत्याचा गुन्हा रद्द केला. मात्र तिकीट लावून कोणालाही आत घेणारे हॉटेल या निकालाच्या आडोशाला उभे राहू शकेलच असे नाही. आणि पैसे भरा, बाई मिळेल, असे सुचवणारी जाहिरात ही प्ले पार्टीच नव्हे. तिथे 1956 चा अनैतिक व्यापार कायदा दाराशी उभा असतो, आणि बऱ्याचदा नंतर पैसे उकळण्यासाठी लपवलेला कॅमेराही.

जागा शहराबाहेरचे फार्महाऊस असेल तर परतीचे वाहन स्वतःचे ठेवावे आणि चावी स्वतःच्या खिशात. रात्री दोन वाजता तिथे रिक्षा मिळत नाही, आणि ‘सकाळी सोडतो ना’ म्हणणाऱ्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या माणसाचा नकार तोपर्यंत निम्मा विरघळलेला असतो.